घरी शिकणाऱ्या मुलासाठी विज्ञानाचं पुस्तक कसं निवडायचं?

मूल घरी शिकत असेल तर भाषेची फारशी चिंता नसते. गोष्टीची पुस्तकं असतात, वर्तमानपत्र असतं, आजी असते. गणिताला संध्याकाळची शिकवणी मिळते. घोडं अडतं ते विज्ञानाशी. आईबाबांनी स्वतः ते दहावीनंतर सोडलेलं असतं आणि बाजारात तर पर्यायांचा नुसता पूर आहे: एनसीईआरटी, बालभारती, मुक्त विद्यालय, केंब्रिज, अमेरिकेहून मागवायचे संच, वर्षाची वर्गणी घेणारी ॲप्स. मग होतं काय, की जूनमध्ये उत्साहाने तीन-चार प्रकार घरात येतात आणि गणेशचतुर्थीपर्यंत त्यातला एखादाच टेबलावर उरतो, बाकीचे माळ्यावर.

मला विचाराल तर पुस्तक सगळ्यात शेवटी निवडायचं. आधी मूल पुढे कोणती परीक्षा देणार ते ठरवा, मग कोणत्या भाषेत शिकणार ते. एवढं झालं की पुस्तकांची यादी आपोआप दोन-तीन नावांवर येते, आणि त्यातून निवडताना एकच कसोटी लावायची: मूल अडलं की कुणालाही न विचारता त्याला त्या पुस्तकातून पुढे जाता येतं का? ‘स्वयंअध्ययन’ हा शब्द मुखपृष्ठावर छापलेला असतोच, पण बहुतेक पुस्तकं वर्गात बाई उभ्या आहेत असं धरून लिहिलेली असतात.

कायद्याचं थोडक्यात सांगते, कारण शेजारपाजारचे पहिला प्रश्न तोच विचारतात. 2009 चा शिक्षण हक्क कायदा 6 ते 14 वयाच्या मुलांसाठी आहे. मुलाला जवळच्या शाळेत घालणं हे पालकांचं कर्तव्य, असं त्याच्या कलम 10 मध्ये आहे. ते न केल्यास पालकांना दंड मात्र सांगितलेला नाही. होमस्कूलिंगचा उल्लेख कायद्यात कुठेच नाही. त्यामुळे ते बंदही नाही आणि त्याला सरकारी शिक्काही नाही. हा शिक्का लागतो परीक्षेच्या वेळी, म्हणून सुरुवात तिथून.

आधी परीक्षा

गोव्यात घरी शिकणारी बरीचशी मुलं शेवटी एनआयओएसकडे, म्हणजे राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्थेकडे वळतात. ही केंद्र सरकारची संस्था 1989 पासून आहे. दहावीच्या पातळीसाठी वय 14 पूर्ण लागतं. परीक्षा वर्षातून दोनदा होतात, साधारण एप्रिल-मे आणि ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये. एकदा नोंदणी केली की ती पाच वर्षं चालते, म्हणजे विषय एकेक करून सोडवता येतात. ज्या मुलाला यंदा विज्ञान झेपत नाही त्याने आधी भाषा आणि गणित देऊन टाकावं, विज्ञान पुढच्या खेपेला. शाळेत ही सोय नाही.

एक मोठी गोम मात्र आहे. इथे विज्ञान सक्तीचं नाही. पाच विषय घ्यायचे, त्यात निदान एक भाषा. बाकीची निवड तुमची. चित्रकला आणि गृहविज्ञान घेऊनही दहावी होते, आणि त्यात वाईट काहीच नाही. पण अकरावीला विज्ञान शाखा घ्यायची इच्छा असेल तर ‘विज्ञान आणि तंत्रज्ञान’ आणि गणित हे दोन विषय आत्ताच घेतलेले बरे. प्रवेशाच्या खिडकीपाशी पोचल्यावर हे कळून उपयोग नसतो. शिवाय विज्ञानाला प्रात्यक्षिक असतं आणि ते अभ्यासकेंद्रावर करायचं असतं. तेव्हा केंद्र निवडताना घरापासून किती जवळ एवढंच पाहू नका, तिथे प्रयोगशाळा चालू स्थितीत आहे का ते आत जाऊन डोळ्यांनी बघा.

गोवा बोर्डाचं कार्यालय पर्वरीला आहे. बोर्डाचा विज्ञानाचा अभ्यास एनसीईआरटीच्या धर्तीवर चालतो. आठवीत किंवा नववीत मूल परत शाळेत जाण्याची थोडीही शक्यता असेल तर सहावीपासून एनसीईआरटी धरणंच शहाणपणाचं. बांद्या-सावंतवाडीकडचे नातेवाईक ‘सतरा नंबरचा फॉर्म भर’ असा सल्ला हमखास देतात. शाळेत न जाता परीक्षेला बसण्याचा तो फॉर्म महाराष्ट्र बोर्डाचा. इथल्या बोर्डाला तो लागू नाही, आपले नियम पर्वरीलाच विचारायचे.

तिसरी वाट केंब्रिजच्या आयजीसीएसईची, म्हणजे त्यांच्या दहावीच्या पातळीच्या परीक्षेची. खासगी परीक्षार्थी म्हणून बसता येतं, पण प्रत्येक केंद्र बाहेरच्या मुलांना घेत नाही आणि प्रत्येक विषयाची फी वेगळी, तीही हजारांत. यात एक सोय मात्र घरी शिकणाऱ्यांसाठी फार कामाची आहे: प्रयोगशाळेतल्या परीक्षेऐवजी ‘ऑल्टरनेटिव्ह टू प्रॅक्टिकल’ नावाचा लेखी पेपर देता येतो. त्यात प्रयोगाची मांडणी, मोजमापं, आलेख, चुका कुठे होतील, हे कागदावर विचारतात. अर्थात घरी प्रयोग केलेच नसतील तर हा पेपर अवघड जातो. पाठ करून येण्यासारखं त्यात फारसं काही नाही.

बारा वर्षांखालच्या मुलासाठी यातलं काहीही आज ठरवायची गरज नाही. त्या वयात परीक्षेचा अभ्यासक्रम घरात आणून ठेवणं हा माझ्या मते निव्वळ ताप आहे. मुंबईच्या होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्राने तिसरी ते पाचवीसाठी काढलेली छोटी पुस्तकं, अरविंद गुप्तांची टाकाऊतून खेळणी, आणि घरामागचं परसू एवढ्यावर पाचवीपर्यंत मजेत निघतं.

भाषेचा प्रश्न

गोव्यात ही अडचण जरा वेगळी आहे. सरकारी प्राथमिक शाळा मराठी किंवा कोकणी, आणि पाचवीपासून बहुतेक सगळीकडे इंग्रजी. घरी शिकणाऱ्या मुलावर ही उडी मारायची सक्ती नाही, पण पुढे अकरावी-बारावी इंग्रजीतच करायची आहे हे विसरूनही चालत नाही. एनआयओएसची दहावी मराठीतून देता येते. मग मराठीत शिकावं की इंग्रजीत?

माझं मत असं: ज्या भाषेत मूल भांडतं त्या भाषेत त्याने विज्ञान समजून घ्यावं, आणि आठवीपासून तेच प्रकरण इंग्रजीत परत वाचावं. दुसऱ्या वाचनाला वेळ कमी लागतो, कारण कल्पना ओळखीची झालेली असते, फक्त नाव नवं. बालभारतीची सगळी पुस्तकं ई-बालभारतीवर फुकट मिळतात, एनसीईआरटीची त्यांच्या संकेतस्थळावर. दोन्ही शेजारी ठेवून वाचणं पैशाने अजिबात महाग नाही.

हिंदी व्हिडिओंपासून मात्र सांभाळून. यूट्यूबवर विज्ञानाचं सगळ्यात जास्त साहित्य हिंदीत आहे आणि आपली मुलं ते सहज समजतात, म्हणून गोंधळ लक्षात येत नाही. मराठी पुस्तकातला अणू हा हिंदीतला परमाणु, आणि हिंदीतला अणु म्हणजे आपला रेणू. सकाळी मराठी पुस्तक आणि दुपारी हिंदी व्हिडिओ पाहणाऱ्या मुलाला ‘पाण्याच्या एका अणूत तीन परमाणु’ हे वाक्य बरोबर वाटतं, आणि ते त्याच्या भाषेत चूक असतं. व्हिडिओ पाहायचाच तर आधी पुस्तकातलं प्रकरण, मग व्हिडिओ.

पुस्तकाची परीक्षा

पुस्तक विकत घ्यायच्या किंवा छापून काढायच्या आधी एकच विषय निवडा आणि तो दोन-तीन पुस्तकांत वाचायला मुलाला द्या. आम्ल आणि आम्लारी हा विषय याला उत्तम, कारण तो सगळ्यांकडे आहे आणि स्वयंपाकघरात करून बघता येतो. तुम्ही बाजूला बसा, शिकवू नका. मूल कुठे थांबतं ते बघा.

एनसीईआरटीची सहावीपासूनची नवी पुस्तकं 2024 पासून येऊ लागली आहेत. ती दिसायला छान आहेत, त्यांत प्रश्न विचारणारी, करून बघायला लावणारी भाषा आहे. पण पुष्कळ ठिकाणी प्रश्न विचारून पुस्तक पुढे निघून जातं, कारण उत्तरावर वर्गात चर्चा होणार असं गृहीत आहे. घरी चर्चा करायला कुणी बसणार असेल तर हीच पुस्तकं घ्या. आईबाबा दोघंही सकाळी नोकरीला जात असतील आणि मूल आजीजवळ बसून एकटं वाचणार असेल, तर तेच सुंदर प्रश्न हवेत लटकतात.

एनआयओएसची पुस्तकं उलट्या स्वभावाची. कागद साधा, चित्रं जेमतेम, बघून कुणी प्रेमात पडणार नाही. पण ती मुळात शिक्षक नसलेल्या विद्यार्थ्यासाठीच लिहिलेली आहेत. पाठाच्या सुरुवातीला या पाठातून काय यायला हवं ते सांगितलेलं, दोन-तीन पानांनंतर छोटे प्रश्न, आणि पाठाच्या शेवटी त्यांची उत्तरं. मूल स्वतःच स्वतःला तपासू शकतं. तेरा-चौदा वर्षांच्या, खरोखर एकट्याने शिकणाऱ्या मुलासाठी माझी पसंती यालाच.

बालभारती या दोहोंच्या मधली. मराठी सुबोध, उदाहरणं आपल्याकडची, आणि काही बाबतीत मजकूर जास्त भरीव. हे एका ठिकाणी फार महत्त्वाचं ठरतं. एनसीईआरटीने 2022 मध्ये पुस्तकांची छाटणी केली, तेव्हा दहावीतून मूलद्रव्यांचं आवर्ती वर्गीकरण आणि उत्क्रांती हे दोन भाग गेले. अकरावीच्या रसायनशास्त्रात आवर्तसारणी येते, बारावीच्या जीवशास्त्रात उत्क्रांती येते. पण अकरावीला वाणिज्य घेणारं मूल या दोन्ही गोष्टी न शिकताच शिक्षण पुरं करतं. बालभारतीच्या 2018 च्या दहावीच्या पुस्तकांत दोन्ही आहेत: पहिल्या भागात आवर्ती वर्गीकरण, दुसऱ्या भागाच्या सुरुवातीलाच आनुवंशिकता व उत्क्रांती. मुख्य पुस्तक कुठलंही असो, ही दोन प्रकरणं तिथून उचलावीत. परीक्षेत असोत नसोत.

परदेशी संचांबद्दल लोक हल्ली फार विचारतात. त्यातले काही खरंच चांगले आहेत, आणि ते घरी शिकणाऱ्यांसाठीच बनवलेले असल्यामुळे आईला दर आठवड्याला काय करायचं ते लिहून मिळतं. यात मोह आहेच. पण घेण्याआधी तीन गोष्टी तपासा. मापं इंचात आणि फॅरनहाइटमध्ये असतील तर प्रत्येक प्रयोगाला रूपांतर करत बसावं लागेल. दुसरं, अमेरिकेतल्या धार्मिक प्रकाशकांच्या काही मालिका उत्क्रांती नाकारतात आणि पृथ्वीचं वय काही हजार वर्षं सांगतात. मुखपृष्ठावरून हे कळत नाही, म्हणून पृथ्वीच्या वयाचं पान आधी उघडायचं. तिसरी गोष्ट रचनेची, आणि ती जरा सविस्तर सांगायला हवी.

आपल्याकडे एकच विषय दर वर्ष-दोन वर्षांनी परत येतो, दर वेळी थोडा खोल. प्रकाश घ्या: एनसीईआरटीत सातवीत सावल्या आणि परावर्तन, आठवीत आरसे आणि भिंगं, दहावीत किरणाकृती आणि सूत्रं. अमेरिकेत हायस्कूलमध्ये सर्रास एक वर्ष पूर्ण जीवशास्त्र, एक वर्ष पूर्ण रसायन, एक वर्ष भौतिकशास्त्र असा क्रम असतो. दोन्ही पद्धती चालतात. चालत नाही ते मध्येच गाडी बदलणं. दोन वर्षं अमेरिकी क्रमाने जीवशास्त्र आणि रसायन केलेलं मूल आपल्या दहावीला बसलं, तर त्याला पेशीबद्दल भरपूर माहिती असते आणि विजेच्या मंडलाला त्याने हातही लावलेला नसतो. बदलायचंच असेल तर नव्या अभ्यासक्रमाची मागच्या दोन इयत्तांची अनुक्रमणिका काढा आणि कुठली प्रकरणं झालीच नाहीत त्यांवर पेन्सिलीने खूण करा. आधी ती.

आणि मुख्य पुस्तक एकच ठेवा. बाकी सगळं त्याच्या मदतीला. दोन मुख्य पुस्तकं घेणाऱ्या घरात दोन्ही अर्धी राहतात, हे मी इतक्या ठिकाणी पाहिलंय की आता सांगायलाही कंटाळा येतो.

प्रयोग, आपल्या स्वयंपाकघरातले

पुस्तकात आम्ल-आम्लारी ओळखायला लिटमस कागद असतो. तो मिळाला तर आणा, नाही तर कोकम आहेच. चार-पाच सोलं कपभर कोमट पाण्यात पाव तास भिजत टाका. लाल पाणी तीन वाट्यांत ओता. पहिलीत लिंबू पिळा, दुसरी तशीच ठेवा, तिसरीत चिमूट चिमूट खाण्याचा सोडा घाला. लिंबाच्या वाटीत काहीच होत नाही, आणि मूल हिरमुसतं. इथे घाई करून उत्तर देऊ नका. कोकम मुळातच आंबट, त्यात आणखी आंबट घातलं तर रंग का बदलावा? हे त्याचं त्याला सुचू द्या. सोड्याच्या वाटीत आधी फेस येतो, कारण कोकमातलं आम्ल आणि सोडा यांची अभिक्रिया होऊन कार्बन डायऑक्साइड निघतो. सोडा वाढवत गेलात की लाल रंग जांभळट होतो आणि मग निळसर-हिरवट छटेकडे झुकतो. लगेच लिंबू पिळलं तर लाली बरीचशी परत येते. तासभर तशीच ठेवली तर येत नाही, कारण आम्लारीत ते रंगद्रव्य हळूहळू मोडतं.

इथपर्यंत कुठलंही पुस्तक नेईल. पुढचा प्रश्न मात्र घरचाच: नारळाचा रस घातला की सोलकढी गुलाबी का होते? पांढऱ्या रसात लाल रंग फिका पडला म्हणून, की आंबटपणा कमी झाला म्हणून? दोन्ही कारणं पटण्यासारखी आहेत, म्हणून नुसत्या विचाराने उत्तर मिळणार नाही. दोन वाट्यांत सारखं आगळ, म्हणजे कोकमाचा घट्ट रस, घ्या. एकीत नारळाचा रस, दुसरीत तेवढंच साधं पाणी. पाण्याच्या वाटीतला रंग फक्त पातळ झाल्याचा परिणाम दाखवतो. फरक दिसला तर त्याचं कारण रसात शोधायचं. पण मग रसाचा पांढरेपणा कसा वेगळा काढणार? बारा वर्षांचं मूल या प्रश्नावर संध्याकाळभर डोकं खाजवतं, आणि तुलनेची वाटी का ठेवायची हे त्याला त्यानंतर कधीच समजावून सांगावं लागत नाही.

आठवी-नववीच्या मुलांसाठी भरती-ओहोटी. रायबंदर-चोडण फेरीबोटीच्या धक्क्यावर पाणी कुठल्या पायरीपर्यंत आलं ते पंधरवडाभर नोंदवायचं, वेळेसकट. भरती रोज साधारण पन्नास मिनिटं उशिरा येते, दिवसातल्या दोन भरत्या सारख्या उंच नसतात, आणि अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास उधाण येतं. हे आकडे वहीत आपल्या हाताने उतरल्यावर चंद्राचं प्रकरण वाचायला घ्यावं. वनस्पतींचं वर्गीकरण करायचं तर गणेशचतुर्थीची माटोळी, म्हणजे गणपतीच्या वर टांगायची फळाफुलांची चौकट, आहे: नारळ, सुपारीचा शिपटो (घड) आणि केळी एकबीजपत्री, आंबाडे द्विबीजपत्री, आणि कांगणी, कवंडळ कुठल्या कुळातली ते शोधून काढायचं. हे काम माटोळी बांधायच्या आधी करायचं, नंतर आजी हात लावू देणार नाही.

घरी जमत नाही अशा प्रयोगांसाठी संगणक. कोलोरॅडो विद्यापीठाची फेट नावाची सिम्युलेशन्स फुकट आहेत, त्यातली बरीच मराठीतही आहेत. विद्युत मंडल आणि बलं यांसाठी ती सुरेख. नववीपासून ओलॅब्स ही ऑनलाइन प्रयोगशाळा. बाहेर पडता येत असेल तर मिरामारचं विज्ञान केंद्र. संदर्भाची महाग पुस्तकं विकत घ्यायची गरजच नाही, पणजीत पाटोच्या मध्यवर्ती ग्रंथालयात जा.

अपघाताचं तेवढं बघा. वायरिंगच्या विजेला हात नाही, सगळे प्रयोग टॉर्चच्या सेलवर. संडास धुवायचं ॲसिड प्रयोगाला अजिबात वापरायचं नाही, व्हिनेगर आणि लिंबू पुरतं. चुन्याची निवळी वापरताना डोळ्यांवर चष्मा.

वेळापत्रकाचं फार स्तोम माजवू नका. आठवड्याला तीन-चार बैठका वाचनाच्या, एक प्रयोगाची, आणि शनिवारी पुस्तक मिटून मुलाने घरातल्या कुणालाही त्या आठवड्याचं सांगायचं. ऐकणाऱ्याला विज्ञान येत नसेल तर जास्तच चांगलं. आजोबा ‘असं का रे बाबा?’ म्हणाले आणि मूल गडबडलं, की सोमवारी परत कुठलं पान उघडायचं ते कळतं.

प्रयोगाची वही मात्र पहिल्या दिवसापासून ठेवा: तारीख, काय वाटलं होतं, काय केलं, काय दिसलं, आकडे, हाताने काढलेली आकृती. फसलेले प्रयोगही त्यात हवेत. मूल पुढे शाळेत जायचं म्हणालं तर शिक्षण हक्क कायद्याच्या कलम 4 नुसार त्याला वयाला साजेशा वर्गात प्रवेश मिळायला हवा. तरीही मुख्याध्यापक विचारतातच, ‘इतकी वर्षं केलं काय?’ तेव्हा गुणपत्रिका नसते, टेबलावर ठेवायला या वह्याच असतात. पानांवर क्रमांक घाला आणि दर वर्षाची वही वेगळी बांधा.